लांबी

चौकट आणि भिंत यांच्यात एक रेघ आहे.
तिच्यात माझ्या करंगळीचं नख जातं,
शेजारच्या चिलक्यांच्या आठ मागांचा आवाज येतो,
आणि टॉवेलची लव,
मार्चपासून गुलाबी, कारण ऑर्डर गुलाबी आहे.
डाळीवर गुलाबी. देवांवर गुलाबी.
यजमान म्हणतात, यंदा रंगपंचमी लांबली म्हणायची.

सोलापूरचा एप्रिल काही विनोदावर भागत नाही.
दुपारी झळ त्या रेघेतून आत येते
आणि घरच्यासारखी पंख्याखाली बसते.

मग माणसं बघायला घेतली.
मुलगी बघतात तसंच असतं हे,
फक्त चहाही मीच करायचा
आणि प्रश्नही मीच विचारायचे.

पहिला आला होटगी रोडवरून.
कंपनीचा टी-शर्ट, पिस्तुलासारखी नळी,
भिंतीवर लाल ठिपका टाकणारं मोजयंत्र.
सिलिकॉन, मॅडम. दहा वर्षं बघायला नको.
फुटाला पंचेचाळीस.
खिडकीकडे त्यानं पाहिलंच नाही,
ठिपक्याकडे पाहिलं.

दुसरे आमचे धाकटे दीर, अंबादास.
ते फुकट करणार होते.
त्यांनी दिवाळीत फुकट बसवलेला नळ
अजून थेंबाथेंबानं बिल पाठवतोय.

तिसरा मौनेश पांचाळ.
सत्तरीचा. सायकल हातात धरून चालत आला,
तिच्यावर बसून नाही.
टेप नाही, वही नाही.
"अक्का, उदबत्ती आहे का घरात?"
मला वाटलं, मुहूर्त करतोय.

पेटवून त्यानं ती चौकटीच्या कडेकडेनं नेली,
सावकाश,
झोपलेल्या माणसाच्या अंगावरून मुंगी काढावी तशी.
धूर सरळ. सरळ. सरळ.
मग एकदम आत वाकला,
बाहेरून कुणी ढकलल्यासारखा.
तिथं त्यानं खडूनं टिंब काढलं.
चार खिडक्या, एकवीस टिंबं.

नंतर पायरीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला,
"या मीच बसवल्यात. त्र्याण्णव साल.
तुमच्या सासऱ्यांना लग्नाची घाई होती.
लाकूड ओलं होतं, अक्का.
मला ठाऊक होतं.
बोललो नाही."

लग्न माझंच होतं ते.
ताज्या वार्निशच्या वासानं मला मांडवात मळमळलं होतं,
आणि बायकांनी भलतंच काही समजून
एकमेकींना कोपरानं ढोसलं होतं.
लाकूड वाळत गेलं, आकसत गेलं,
भिंत होती तिथंच राहिली.
कुठली गोष्ट सांगतेय मी, जाऊ दे.

दीर म्हणाले, ज्यानं फट ठेवली त्यालाच पुन्हा?
यजमान पेपरामागून म्हणाले, तुला पटेल ते कर.
मी म्हटलं, त्यालाच.
फट कुठून सुरू झाली
हे आणखी कुणाला माहीत आहे?

हजेरी नऊशे, तेलाचे वेगळे.
कबुली दिली म्हणून त्यानं रुपया कमी केला नाही.
तेही मला आवडलं.

शनिवारी परातीत खडूची पूड आणि जवसाचं तेल
भाकरीचं पीठ मळावं तसं मळलं,
तळहाताच्या टाचेनं, दमून, थांबून.
दिवसभर घराला चटणीचा वास.
"लांबी भरतो," म्हणाला.
लांबीच म्हणतात याला आमच्याकडे.
एवढ्या वर्षांची लांबी
अंगठ्याएवढ्या रुंदीत दाबत गेला.

रात्री चिलक्यांचे माग चालूच होते,
पण जरा पलीकडून,
अक्कलकोट रोडला बिऱ्हाड हलवल्यासारखे.
यजमान झोपल्यावर मी उदबत्ती घेतली.
विसाव्या टिंबापर्यंत धूर सरळ.
एकविसाव्याला वाकला.
किंचितच.

सकाळी मौनेशला फोन करीन,
आठच्या आत, तो सायकल काढायच्या आधी.
मला ठाऊक होतं आणि बोलले नाही,
असं नको.